कोंबडीची वाटी वेगळी

(रत्नागिरी जिल्ह्यातील महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीला मी हात वर करायला सांगितले, तेव्हा सगळ्याजणींनी केले. कोंबड्या सगळ्यांच्या घरी आहेत. ‘कोंबड्या कुणाच्या?’ असं विचारलं, तर तुम्ही एका आवाजात ‘आमच्या’ म्हणालात. मग मी विचारलं, घर कुणाच्या नावावर, जमीन कुणाच्या नावावर, गोठ्यातली म्हैस कुणाची? आवाज हळूहळू खाली गेला. मागं बसलेल्या काकी म्हणाल्या, ‘कोंबडीचा सात-बारा नसतो म्हणून ती आमची.’ हसलो आपण सगळ्या, पण काकी अगदी नेमकं बोलल्या. आज मी जे सांगणार आहे ते चारा-पाण्याच्या भांड्याविषयी असलं, तरी काकींचं वाक्य सोडून ते सांगता येणार नाही.

आपल्या भागात पुरुष मुंबईला, बाई गावाला, हे दोन-तीन पिढ्या चाललंय. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता फोनवर पैसे येतात. पण ते येईपर्यंत मीठ-मिरची, पोराची वही, दवाखान्याला जायचं एस.टी.चं भाडं हे कशातून निघतं? डझनभर अंड्यांतून, नाहीतर एखादा तलंगा विकून. गणपतीला चाकरमानी आले की कोंबडी-वडे, गौरीला तिखटाचा नैवेद्य, राखणीला कोंबडा, हे सगळं बाईच्या खुराड्यातून जातं आणि त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर भरल्या. त्यांच्या मागं सकाळी खुराडं उघडणारे आणि तिन्हीसांजेला मोजून बंद करणारे हात मात्र त्या गणनेत मोजलेले नाहीत.

आता मूळ गोष्टीकडं येते. मंडणगडच्या बाजूची आमची एक मैत्रीण आहे. तिच्या कोंबड्यांची अंडी पातळ टरफलाची यायला लागली. काही तर नुसती कातडीची, हातात घेतली की दबायची. खुडुक कोंबडीखाली पंधरा अंडी ठेवली, त्यातली आठ तिच्याच वजनानं फुटली. फुटलेलं अंडं कोंबड्यांनी चाखलं आणि मग चांगली अंडीही टोचून खायची सवय लागली. सासू म्हणाली, कातडीचं अंडं म्हणजे घराला वाईट. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शिमग्याला आलेला होता. तालुक्याला जाऊन त्यानं लाल प्लॅस्टिकचं टांगायचं भांडं आणलं, बाजारच्या खाद्याची पिशवी आणली. तो माणूस वाईट नाही, हौसेनं आणलं त्यानं. पण पैसे त्याचे गेले, म्हणून त्यानं वहीत लिहिलं. मग मुंबईहून फोन आला की विचारायचा, आज अंडी किती? विकली किती? पैसे कुठं ठेवलेस? तिनं आमच्या बैठकीत सांगितलं, ‘ताई, भांडं आलं आणि माझ्या कोंबड्या गेल्या.’

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, की कोंबडीसाठी जे काही करायचं ते कुणापुढं हात न पसरता करता आलं पाहिजे. कोयती, बांबू, करवंटी, काथ्या यांच्यापलीकडं जायचं नाही. विकतचं वाईट असतं असं मी म्हणत नाही. जिच्या गाठीला पैसे आहेत तिनं खुशाल आणावं. पण ज्या वस्तूसाठी परवानगी लागते तिच्याबरोबर हिशेब मागणाराही घरात येतो, हे आम्ही पाहिलंय.

आधी कोंबडीच्या पोटात काय चालतं ते समजून घेऊ, म्हणजे भांडं असं का करायचं ते कळेल. अंडं तयार व्हायला साधारण एक दिवस लागतो, चोवीस तासांपेक्षा थोडा जास्तच. त्यातले वीसएक तास नुसतं टरफल चढण्यात जातात, आणि ते काम बहुतेक रात्री चालतं, कोंबडी खुराड्यात डोळे मिटून बसलेली असताना. टरफल म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच, म्हणजे शिंपल्यात असतो तोच पदार्थ. एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. कोंबडीच्या अख्ख्या अंगात, हाडं धरून, कॅल्शियम असतं वीसएक ग्रॅम. म्हणजे एका अंड्याला अंगातला दहावा हिस्सा! खाण्यातून मिळालं तर ठीक, नाहीतर ती स्वतःच्या हाडांतून काढते. तिच्या हाडांत त्यासाठी एक साठाच असतो. तो पुन्हा भरला नाही, की आधी टरफल पातळ होतं, मग अंडी थांबतात, मग पाय अधू होतात. आपली गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. त्यांची टरफलं एकत्र तोलली तर पाव किलो तरी भरतील. सव्वा-दीड किलोचा जीव तो! गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जाती याच्या दुपटीनं अंडी घालतात, म्हणून त्यांच्यात ही तूट लवकर दिसते. योजनेतून पिल्लं मिळालेल्या बायका म्हणतात ‘जात खराब निघाली’. जात खराब नसते, तिला लागणारं आपण पुरवलेलं नसतं.

मोकळी हिंडणारी कोंबडी गोगलगाय, किडे, माती, पाला यांतून बरंच मिळवते. पण लागोपाठ अंड्यावर आली, किंवा पावसात आठ-आठ दिवस पडवीतच अडकली, की कमी पडतं.

मग द्यायचं काय? आपल्याकडं याची वाण नाही. खाडीकाठच्या बायका कालवं फोडतात, तिसऱ्या, मुळे काढतात. त्यांच्या घरामागं शिंपल्यांचे ढीग पडलेले असतात. वर डोंगराकडं राहणाऱ्या मैत्रिणींनी त्यांच्याकडून पायलीभर आणायचे, बदल्यात शेवग्याच्या शेंगा द्याव्यात नाहीतर कुळीथ. शिंपले धुऊन, कडक उन्हात वाळवून उखळात कुटायचे. कण बाजरी ते ज्वारीच्या दाण्याएवढा ठेवायचा. फार पीठ करू नका. पीठ पोटातून लवकर निघून जातं. जाड कण कोंबडीच्या दळणाऱ्या पोटात थांबतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळतो, अगदी टरफल चढत असतं त्या वेळी. शिंपले नसतील तर अंड्यांचीच टरफलं तव्यावर चांगली भाजून, चुरून द्या. भाजायची यासाठी की रोग पसरत नाही. आणि चुरायची यासाठी, की अर्धं टरफल तसंच टाकलं तर कोंबडी अंडं ओळखायला शिकते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पानाला लावायचा चुना किंवा भट्टीतली कळी कोंबडीला घालायची नाही. ‘चुनाच तर हवाय’ असं म्हणून एका ठिकाणी बाईनं पाण्यात कालवून ठेवला होता. भाजलेल्या चुन्यानं आतडं पोळतं. कच्चा शिंपला वेगळा, भाजलेला चुना वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, हा चुरा रोजच्या कणी-कोंड्यात मिसळून टाकला की झालं, वेगळं भांडं कशाला? इथंच सगळी मेख आहे. अंगणात एकाच वेळी कोण कोण खातं? अंड्यावरची कोंबडी, खुडुक कोंबडी, कोंबडा, तलंगी आणि पिल्लं. गरज आहे ती फक्त अंड्यावर असलेलीला. वाढत्या पिल्लाला आणि तलंगीला सक्तीनं जास्त कॅल्शियम गेलं, तर त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. वेगळं ठेवलं तर गंमत बघा. कोंबडीला आपली गरज कळते. अंड्यावर असेल ती बरोबर दुपार कलल्यावर येऊन चुरा टिपते. बाकीच्या एखादी चोच मारतात आणि निघून जातात. कुणी शिकवलेलं नाही तिला. आपण फक्त तिच्यासमोर ते वेगळं ठेवायचं आणि निवड तिच्यावर सोडायची.

म्हणून भांडं. सगळ्यात सोपं म्हणजे करवंटी. मोठ्या नारळाची अर्धी करवंटी घ्या, काठाला तीन भोकं पाडा, काथ्यानं किंवा तारेनं पडवीच्या खांबाला घट्ट बांधा. लोंबती ठेवू नका. हलली की कोंबडी बिचकते आणि चुराही सांडतो. काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आला पाहिजे. खाली ठेवली तर ती पाय घालून उकरते, आत शिटते. जागा अशी बघा की पागोळीचं पाणी उडणार नाही आणि सांजेला खुराड्याकडं जाताना वाटेत लागेल. करवंटीचा एकच दोष आहे. दोन-चार दिवसांनी भरायला लागते, आणि लावणीच्या दिवसांत बाईला ते आठवत नाही.

त्यासाठी आम्ही बांबूचं नळकांडं केलं. पहिल्यांदा फजिती झाली. मनगटापेक्षा जाड बांबूचं एक पेर घेतलं, खालची गाठ ठेवली, बाजूला खिडकी पाडली, वरून चुरा ओतला. सगळा खिडकीतून बाहेर! आम्ही बघतच राहिलो. तेव्हा एक म्हातारी मावशी म्हणाल्या, ‘अगो, भाताची कणगी खालून भोसकलीस तर काय होणार? खाली सूप धर.’ मग नळकांडं दोन्हीकडून मोकळं केलं, खालच्या तोंडाला बोटभर उंचीच्या तीन खाचा पाडल्या, आणि ते मातीच्या परळात उभं करून खांबाला बांधलं. आता चुरा खाचांतून परळात उतरतो, खाचा बुजल्या की आपोआप थांबतो. कोंबड्या जेवढं टिपतील तेवढंच वरून खाली येतं. वरच्या तोंडावर करवंटी उपडी घातली की पावसाची झड आत जात नाही. अंड्यावरच्या दहा कोंबड्या दिवसाला मूठभर चुराही खात नाहीत, त्यामुळं एकदा भरलं की आठवडाभर तरी बघायला नको. परळ नसेल तर रुंद करवंटी चालते. चुरा मात्र कोरडा हवा. ओला झाला की खाचांत बसतो, मग काडीनं टोकरत बसावं लागतं. पावसाळ्यात म्हणून नळकांडं अर्धंच भरायचं.

तेलाच्या प्लॅस्टिकच्या डब्याचंही असंच करता येतं, पाइपाचंही. ज्यांच्या घरी नळाच्या कामातले तुकडे उरलेत त्यांनी करून बघा. मी त्यावर वेळ घालवत नाही.

पिल्लांचं मात्र सांगायला हवं, कारण गावठी कोंबडीत खरा तोटा पिल्लांत होतो. दहा निघाली की महिन्या-दीड महिन्यात चार उरतात. घार, मुंगूस, मांजर तर आहेच, पण पोटभर न मिळणं हेही एक. आपण कणी टाकतो, मोठी कोंबडी आणि कोंबडा धावून येतात, पिल्लं कडेला. तुमचं डालं घ्या, तीन दगडांवर उपडं ठेवा, खाली चार बोटं जागा राहील असं. कणी, भाजलेल्या नाचणीचा भरडा, बारीक केलेली सुकट डाल्याखाली ठेवा. पिल्लं सरपटत आत जातात, मोठ्यांना जाता येत नाही. डाल्यावर एक दगड ठेवायला विसरू नका, नाहीतर कोंबडा ते उलथवतो. सुकट खारवलेली असेल तर आधी धुऊन वाळवा, कारण मीठ जास्त झालं तर पिल्लं दगावतात. वाळवीचा उपाय जुन्या बायकांना ठाऊक आहे. मडक्यात सुकं शेण आणि पेंढा ओलसर करून भरायचा आणि संध्याकाळी वारुळापाशी उपडं ठेवायचं. सकाळी वाळवीनं भरलेलं मिळतं. पिल्लं त्यावर तुटून पडतात. पाला द्यायचा तर जुडी बांधून चोचीच्या उंचीला टांगा. जमिनीवर टाकलेला तुडवला जातो.

मध्येच एक सांगते. या सगळ्या भांड्यांनी मानमोडी थांबत नाही. तिचं पुस्तकी नाव राणीखेत. त्याला लसच लागते. पिल्लं आठवड्याची झाली की डोळ्यात-नाकात थेंब, पुढं दोन-अडीच महिन्यांनी टोचणी. लसीची बाटली किमान शंभर कोंबड्यांची येते, ती थंडच राहिली पाहिजे आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. एकट्या बाईच्या बारा कोंबड्यांसाठी कोण ती फोडणार? म्हणून वाडीनं एकत्र यायचं, दिवस ठरवायचा, पहाटे खुराडी उघडायच्या आधी घरोघर फिरायचं. ज्या वाड्यांतल्या मंडळांनी हे लावून धरलं तिथं कोंबड्या वाचल्या. आमचा अनुभव असा, की मंडळाच्या बैठकीला न येणारी बाईसुद्धा त्या दिवशी दार उघडते. तिथून मग दारू, मारहाण, रेशन असे बाकीचे विषय निघतात.

मघाशी मी हाडांचं बोलले तेव्हा पुढं बसलेल्या वैनींनी पाय चोळला, मी बघितलं. मागच्या वर्षी एका गावात हेच सांगत होते, तर एकजण उठून म्हणाली, ‘कोंबडीला वाटी टांगली, माझी कुठं टांगलीय?’ माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर मी माहिती काढली. गरोदर बाईला चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज द्यायच्या आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना २०१४ सालची आहे. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी. कोंबडीप्रमाणंच बाईचंही आहे. बाळाची हाडं बनतात आणि दूध येतं ते आईच्या साठ्यातून. लोहाची गोळी आणि ही गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन तास मध्ये सोडायचे, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही. हे तुमच्यापैकी किती जणींना कुणी सांगितलं? तीन हात. आणि तिकडं २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना पंडुरोग दिसला. उपकेंद्रात गोळ्या संपल्यात असं उत्तर मिळालं, तर एकटीनं परत फिरू नका. चौघी मिळून जा आणि पुन्हा कधी येणार ते लिहून मागा.

आणि अंडं कोण खातं? अंड्याच्या आतल्या भागात कॅल्शियम फार नाही, ते टरफलात राहतं. पण चांगली प्रथिनं आहेत. पंधरा विकली, दोन मुलग्याला, एक पाहुण्याला, असा आपला हिशेब. मी कुणाला विकू नका म्हणणार नाही, ते पैसे किती लागतात ते मला ठाऊक आहे. माझी आई स्वतः अंडं खायची नाही आणि ‘मला वास येतो’ म्हणायची. मी लग्न होऊन गेल्यावर एकदा अचानक दुपारी घरी आले, तर ती चुलीपाशी उकडलेलं अंडं मीठ लावून खात होती. मला बघून तिनं ते पदराआड धरलं. वास येत नव्हता तिला कधीच.

हाडांसाठी आपल्याकडं नाचणी आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. वरकस जमिनी ओस पडल्या, रेशनचा तांदूळ आला आणि भाकरी ताटातून गेली. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आता नाचणीची बिस्किटं आवडतात म्हणे!

शंभर पिल्लांची योजना, शेड, कर्ज यांवर कुणीतरी विचारेल, म्हणून आधीच सांगते. घ्यायची असेल तर घ्या, पण अर्जावर नाव कुणाचं, बँकेच्या पुस्तकावर सही कुणाची, प्रशिक्षणाला खुर्चीवर कोण बसणार, हे आधी बोलून घ्या. मी गेले होते अशा एका प्रशिक्षणाला. खुर्च्यांवर पुरुष होते आणि त्यांच्या बायका मागं चहा करत होत्या. कोंबड्या आजारी पडल्यावर कुणाला उठवणार होते, ते सांगायला नको. मंडणगडच्या त्या मैत्रिणीनं लाल भांडं माळ्यावर टाकलं आणि पडवीत नळकांडं बांधलं. शिंपले तिनं बाणकोटच्या बाजूच्या आत्याकडून आणले. पंधरवड्यात टरफलं घट्ट झाली. नवऱ्यानं फोनवर विचारलं, खाद्य संपलं का, पैसे पाठवू का? ती म्हणाली, नको. मग त्यानं अंडी किती तेही विचारलं नाही. दिवाळीला आला तेव्हा म्हणे परळ वाकून बघत होता, आणि मुंबईच्या खोलीत कोंबड्या ठेवता आल्या असत्या तर, असं काहीतरी बोलला.

बास. पडवीत बांबूची पेरं तोडून ठेवलीत, कोयत्या तीनच आहेत, त्या आलटून-पालटून वापरा. खाडीकडच्या मैत्रिणींनी गोणभर शिंपले आणलेत, उखळ मागच्या अंगणात आहे. डोळ्यांत कण उडतो, म्हणून कुटताना पदर तोंडावर घ्या. खाच बोटभरापेक्षा मोठी पाडू नका, आणि ज्यांची नळकांडी आधी होतील त्यांनी काकींना मदत करा, त्यांचा उजवा हात दुखावलाय.